गिदोनमामा

मामांचं खरं नाव चर्चच्या वहीत आहे, रेशनकार्डावर आहे आणि प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदांवर आहे. बाकी कुठे नाही. नगरच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत शेंबड्या पोरापासून पाळकसाहेबांपर्यंत सगळे त्यांना गिदोनमामा म्हणतात. हे नाव घोंगडीमुळे पडलं.

शास्त्यांच्या पुस्तकातला गिदोन ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मिद्यानी लोकांशी लढायला जा, असं देवानं गिदोनाला सांगितलं. गिदोन पडला सावध माणूस. त्यानं रात्री खळ्यात लोकर पसरली आणि म्हणाला, सकाळी लोकर तेवढी दवानं भिजलेली असू दे आणि भुई कोरडी असू दे, म्हणजे तू बोललास ते खरं धरीन. तसंच झालं. लोकर पिळली तर वाटीभर पाणी निघालं. तरी गड्याचं समाधान नाही. दुसऱ्या रात्री उलट मागणी : आता लोकर कोरडी आणि भुई ओली. तेही झालं. मग तीनशे माणसं घेऊन गेला आणि लढाई जिंकून आला.

आमचे मामा तेव्हा एका बँकेत कारकून होते. बँकेनं त्यांना श्रीरामपूरच्या शाखेत बढतीवर जाता का, असं विचारलं. हो की नाही ते आठवड्यात कळवायचं होतं. दुसरा कुणी असता तर पगार किती वाढतो ते पाहिलं असतं, बायकोला विचारलं असतं आणि मोकळा झाला असता. मामांनी विचारलं देवाला, आणि त्यासाठी आईची घोंगडी अंगणात पसरली. महिना एप्रिल. नगर म्हणजे पर्जन्यछायेचा मुलूख, आमच्याकडे पावसाळ्यात पाऊस पडायला कां कूं करतो, तिथे एप्रिलात दव कुठून पडायचं? सकाळी घोंगडी कोरडी आणि भुईही कोरडी.

"अर्धं उत्तर आलं," मामा म्हणाले.

दुसऱ्या रात्री तीन वाजता नळाला पाणी सुटलं. मामा झोपेत, टाकीचा बॉल कॉक बिघडलेला. टाकी भरून वाहिली आणि सकाळी घोंगडी, भुई, मामांच्या चपला आणि शेजाऱ्यांची सुकत घातलेली कुरडई, सगळंच ओलं. हे उरलेलं अर्धं उत्तर की पहिल्याचं खंडन, यावर मामा दिवसभर उपास करून बसले. तिसऱ्या रात्री कुत्र्यानं घोंगडी पळवली. एवढ्यात मुदत संपली, दुसरा एक कारकून श्रीरामपूरला गेला आणि पुढे मॅनेजर होऊन निवृत्त झाला.

"प्रभूनं दार बंद केलं," मामा शांतपणे म्हणाले.

"दार नाही हो," मामी आतून म्हणाल्या, "घोंगडी गेली. सासूबाईंची होती."

आपल्या आयुष्याबद्दल देवाची एक योजना आहे, ती त्यानं आपल्या जन्माआधीच आखलेली आहे आणि आपण फक्त ती शोधून काढायची आहे, या एका विचारावर मामांनी उभी हयात काढली. विचार चांगलाच आहे. आमच्यात तो शब्बाथ शाळेपासून शिकवतात. पण बाकीचे लोक तो ऐकतात, आमेन म्हणतात आणि सोमवारी कामाला जातात. मामांना सोमवार हा अडथळा वाटतो. बँकेत तेहतीस वर्षं त्यांनी चोख हिशेब ठेवला, एक पैसा कधी इकडचा तिकडे झाला नाही, पण ती नोकरी त्यांच्या लेखी पाचारण येईपर्यंत बसायचं बाकडं होती. माझ्या नोकरीबद्दल तर ते बोलतच नाहीत. मी महापालिकेच्या घरपट्टी विभागात आहे, आणि शुभवर्तमानात जकातदारांचं नाव कुणाच्या जोडीनं येतं ते त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

मला विचाराल तर दोष सगळा मामांचा नाही. त्यांच्या आज्याला ही पंचाईत नव्हती. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ साली आलं, नगरला १८३१ साली, आणि पुढची शंभर वर्षं तरी या भागातल्या ख्रिस्ती माणसाला आपल्या आयुष्याचा उद्देश सहसा चिठ्ठीवर लिहून मिळत असे. साहेब सांगायचे : तू शेवगावकडे शाळेवर जा, तू दवाखान्यात कंपाउंडर हो, तुझी बायको शिवण शिकवील. आज्याला पंतोजी व्हायला सांगितलं, आजा पंतोजी झाला. त्यानं कधी घोंगडी पसरली नाही. साहेब लोक मायदेशी गेले, बंगल्यांत कचेऱ्या आल्या आणि चिठ्ठी देणारं कुणी राहिलं नाही. तेव्हापासून आमच्यातल्या प्रत्येकावर आपापली योजना शोधायची वेळ आली. बहुतेकांनी ती सरकारी भरतीत शोधली. मामा अजून शोधताहेत.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आयुष्यात एकदाच खूण बरोबर लागली. ती लग्नाच्या वेळी. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात अब्राहामाचा चाकर धन्याच्या मुलासाठी मुलगी शोधायला जातो आणि विहिरीवर उभा राहून देवाला म्हणतो, जी मुलगी मला पाणी देईल आणि न सांगता माझ्या उंटांनाही पाजील, ती तू नेमलेली. रिबेका आली, तिनं दहा उंटांना पाणी पाजलं आणि लग्न ठरलं. मामांनी ही परीक्षा मनाशी पक्की केली आणि एका नातेवाइकाची जीप घेऊन मुली बघत फिरले. तीन घरांत चहा झाला, पोहे झाले, जीपकडे कुणी पाहिलं नाही. चौथी मुलगी वडाळा मिशनमधली. तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाली, "गाडीलाही पाजा, वाफ येतीय."

मामा उभेच राहिले. मुलीच्या वडिलांना वाटलं, मुलगी फटकळ म्हणून स्थळ चाललं. मामांनी तिथल्या तिथे गुडघे टेकले.

"अहो, रेडिएटर गळत होता," मामी आजही सांगतात. "आंधळ्यालाही दिसलं असतं."

पण मामांच्या मनात त्या दिवशी जे बसलं ते बसलं. खूण मागितली की मिळते. न मिळाली तर मागण्यात कुठे तरी चूक असते.

त्यानंतरचा मार्ग बायबल उघडण्याचा. डोळे मिटायचे, प्रार्थना करायची, बायबल उघडेल तिथे उघडू द्यायचं आणि बोट टेकवायचं. जुन्या बायका हे करतात, पण वर्षातून एखाद्या वेळी. मामा रोज सकाळी दात घासले की करायचे. एका वर्षी असं झालं की बायबल उघडलं की लेवीय १३. दुसऱ्या दिवशी पुन्हा लेवीय १३. आठवडाभर तेच. हा अध्याय कातडीवरचे डाग, चट्टे आणि महारोग याजकानं कसे पारखावेत याबद्दल आहे. मामांच्या अंगावर शहारा आला. निवृत्तीला थोडे महिने उरले होते. प्रभू आपल्याला महारोग्यांच्या सेवेला बोलावतोय, याची त्यांना खात्री पटली. वस्तीत साक्ष दिली, प्रार्थनासभेत लोकांनी टाळ्या वाजवल्या, तरुण संघानं निरोपासाठी शाल आणली.

निवृत्त झाल्यावर मामा दूरच्या एका मिशन दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी समजावून सांगितलं की आता हा रोग गोळ्यांनी बरा होतो, दोन-तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत ऐंशीच्या दशकात आली, तेव्हापासून बहुतेक रोगी घरीच राहून औषध घेतात. जखमा धुवायला माणसं आहेत, शिकलेली आहेत. "पण तुम्ही आलात ते फार बरं झालं," डॉक्टर म्हणाले. "आमचे हिशेबनीस सोडून गेलेत. ऑडिट तोंडावर आलंय. तुम्ही बँकेतले ना?"

मामा संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

"हिशेब?" ते आठवडाभर म्हणत होते. "तेहतीस वर्षं हिशेबच केला. तो काय प्रभूनं बोलावून करायचा?"

या प्रकरणाचा शेवट असा की मामींनी एकदा लाइट बिल शोधलं. ते त्या घरात बायबलात ठेवायची पद्धत आहे, कारण तिथून हरवत नाही. दोन वर्षांच्या बिलांचा जाड गठ्ठा लेवीय १३ मध्ये सापडला. मामींनी गठ्ठा काढून कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी बायबल स्तोत्रसंहितेत उघडलं, आणि मामा म्हणाले, "बघ, महारोग्यांचं ओझं प्रभूनं काढून घेतलं."

रेल्वेचं तर सांगायलाच हवं. आमच्या नगरच्या ख्रिस्ती घरात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट येत नाही असं होत नाही. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा झाल्या, त्यांनी टिळकांना नवा करार दिला आणि म्हणाले, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. हे गृहस्थ कोण ते टिळकांना पुढे कधी कळलं नाही. बहुतेक लोक ही गोष्ट ऐकून टिळकांबद्दल विचार करतात. मामांनी विचार केला तो रेल्वेबद्दल.

तेव्हापासून पुण्याला जायचं असलं की मामा एसटीनं जात नाहीत. दौंडवरून रेल्वेनं जातात. वेळ जास्त लागतो, पण एसटीत कुणाला पाचारण झाल्याचं ऐकिवात नाही. खिडकीशी बसतात, शेजारची जागा रुमाल टाकून धरतात आणि जो कुणी सुशिक्षित दिसेल त्याला रुमाल काढून बसवतात. मग वाट बघतात. एकदा काष्टी स्टेशन गेलं आणि समोरचा टापटीप माणूस पुढे झुकला. बॅगेवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "काका, तुमच्या पुढच्या आयुष्याचा काही विचार केलाय का?"

मामांचा श्वास अडकला. "तेच," ते म्हणाले. "अनेक वर्षं तेच."

माणूस विम्याचा एजंट निघाला. मामांनी पॉलिसी घेतली. नाही म्हणायचा धीर झाला नाही, कारण एजंटानं बोलता बोलता दोन वर्षांनंतर कायतरी मिळतं असं सांगितलं होतं आणि दोन वर्षं हा आकडा मामांना ओळखीचा वाटला. मामींनी पॉलिसी बघितली आणि कपाटातून 'स्मृतिचित्रे' काढून मामांच्या हातात दिलं. मामींचं लाडकं पुस्तक. टिळकांच्या पत्नीची, लक्ष्मीबाईंची, बाजू वाचल्याशिवाय टिळकांची गोष्ट सांगायची नाही, असा त्यांच्या घरातला नियम आहे. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि देवाचा दरबार काढला, हे मामा डोळ्यांत पाणी आणून सांगायला लागले की मामी म्हणतात, "दरबार त्यांचा, पण पाट कुणी मांडले ते विचारा."

दर वर्षी ३१ डिसेंबरला रात्रीची उपासना असते. बारा वाजता घंटा होते, सलाम, हॅपी न्यू इयर होतं आणि मग एका बिस्किटाच्या डब्यातून प्रत्येकानं एक कार्ड उचलायचं. कार्डावर वचन. ते तुमचं वर्षाचं वचन. ही चाल जुनी नाही, पण आता ती नसली तर लोकांना नवं वर्ष लागलंसं वाटत नाही. पोरं भसकन हात घालून उचलतात. मामा बाही वर सारतात, डोळे मिटतात, डब्यात हात घालून तळापर्यंत जातात, कार्डं वरखाली करतात, मागे रांग खोळंबते, कुणी तरी खोकतं आणि मग एक कार्ड वर येतं. मामांच्या हाताला बहुधा यिर्मया २९:११ येतं. यात विशेष काही नाही. हे वचन इतकं लोकप्रिय आहे की पाकिटात त्याच्या पाच-सहा प्रती तरी असतात. तुमच्याबद्दल माझ्या मनात हिताच्या योजना आहेत, असा त्याचा भावार्थ.

"योजना आहेत हे मला माहीतच आहे," मामा एका वर्षी पाळकसाहेबांना म्हणाले. "कोणत्या आहेत ते कुठल्या कार्डावर असतं?"

आमचे पाळकसाहेब हुशार आणि सोशीक. त्यांनी मामांना मंडपाच्या कोपऱ्यात नेऊन तो अख्खा अध्याय उलगडून दाखवला. म्हणाले, हे पत्र आहे, मामा. बाबेलात धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं यरुशलेमेहून लिहिलेलं. त्यांना वाटत होतं, आज सुटू, उद्या सुटू. यिर्मया सांगतोय, घाई करू नका, तिथेच घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा, त्या शहराचं भलं चिंता. सत्तर वर्षं लागतील. योजना आहे म्हणजे उद्या सकाळी तुमच्या नावचं पाकीट येणार, असं त्यात नाही.

मामांनी या सगळ्यातून सत्तर हा आकडा उचलला. त्यांना तेव्हा अठ्ठावन्न पुरी झालेली. अधिक सत्तर म्हणजे एकशे अठ्ठावीस. मोशे एकशेवीस वर्षं जगला. "आठ वर्षं कमी पडतात," ते काळजीनं म्हणाले. मामींनी मात्र घरं बांधा हे बरोबर ऐकलं आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बाथरूमच्या गळतीसाठी गवंडी बोलावला.

वयाचा हिशेब मामांना तोंडपाठ आहे. अब्राहाम पंचाहत्तराव्या वर्षी घर सोडून निघाला. मोशे फारोपुढे उभा राहिला तेव्हा ऐंशीचा. "आपली अजून सुरुवातही नाही," असं ते साठीतल्या समवयस्कांना सांगतात, आणि ते बिचारे साखर तपासून आलेले असतात.

मध्यंतरी त्यांच्या पुतण्यानं त्यांना रिक वॉरन या अमेरिकन पाळकाचं पुस्तक आणून दिलं. २००२ साली निघालेलं, जगभर प्रचंड खपलेलं, आणि त्यात चाळीस दिवसांचे चाळीस पाठ. रोज एकच वाचायचा. चाळिसाव्या दिवशी आपण पृथ्वीवर कशासाठी आहोत ते कळतं. मामांनी मनापासून सुरुवात केली. बाराव्या दिवशी भाच्याचं लग्न निघालं आणि एक पाठ चुकला. चाळीस म्हणजे चाळीस, मध्ये खंड नको, म्हणून मामांनी पहिल्यापासून धरलं. मग वस्तीत कुणी वारलं. पुन्हा पहिल्यापासून. मग मोतीबिंदू. पहिले वीस पाठ मामांना आता मुखोद्गत आहेत, पुस्तकाचा पुढचा अर्धा भाग काळा पडलाय आणि मागची पानं कोरी करकरीत. शेवटचा पाठ आधी वाचून बघा की, असं मी एकदा सुचवलं. ते माझ्याकडे असं काही बघायला लागले की मी विषय बदलला.

एका पहाटे स्वप्नात आवाज आला : केडगावला जा. मामा ताडकन उठले. शमुवेल बाळ देवळात झोपला असताना त्याला असाच आवाज आला होता आणि तो उठून एलीकडे धावला होता. मामा उठून स्वयंपाकघरात धावले.

"केडगावला जायचंय," ते म्हणाले. "पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला. दुष्काळात उघड्या पडलेल्या पोरीबाळींना त्यांनी तिथे आणलं. मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं तेही तिथेच, आणि १९२२ साली ते काम पुरं करून देह ठेवला. तिथे मला—"

"कोणतं केडगाव?" मामींनी विचारलं.

नगरच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. रमाबाईंचं केडगाव दौंड तालुक्यात. आणि एक केडगाव आमच्या नगरला चिकटून, पुणे रस्त्यावर, जिथे रिक्षा जाते. देवानं तालुका सांगितला नव्हता. मामांनी दोन दिवस विचार केला. शेवटी जवळचं आधी करून टाकू म्हणून रिक्षानं नगरच्या केडगावला गेले, दुपारपर्यंत चौकात उभे राहिले आणि कुणी काही बोललं नाही म्हणून दोन किलो वांगी घेऊन परत आले. दौंडकडचं केडगाव राहून गेलं. तिकडे जाऊन तिथल्या लोकांनीही हिशेबाचंच विचारलं तर काय, अशी धास्ती त्यांना वाटली असावी, असं मामी म्हणतात.

मग पाळकसाहेबांनी एक प्रवचन केलं. खरं तर त्यांनी ते मामांसाठीच केलं होतं, नाव न घेता. म्हणाले, पवित्र शास्त्रात ज्यांना ज्यांना पाचारण झालं ती माणसं बघा. एकही माणूस पाचारण शोधत नव्हता. गिदोन गहू झोडत होता. मोशे सासऱ्याची मेंढरं चारत होता. अलीशा नांगर धरून होता. शौलाच्या बापाची गाढवं हरवली होती, ती हुडकत तो गावोगाव फिरत होता आणि गाढवांची चौकशी करायला शमुवेलाकडे गेला, तर शमुवेलानं त्याच्या डोक्यावर तेल ओतून त्याला राजा केलं. पेत्र जाळी टाकत होता, मत्तय जकातीच्या नाक्यावर बसला होता. आणि बोलावणं आल्यावर यांतले कितीक म्हणाले, मी नको! मोशेनं सबबी सांगितल्या, यिर्मया म्हणाला मी लहान आहे, योना तर उलट्या दिशेच्या गलबतात बसला. तेव्हा भावांनो आणि बहिणींनो, शोधत बसू नका. हाताला आहे ते काम करा.

मामा पहिल्या बाकावर बसून वहीत लिहून घेत होते. उपासना सुटल्यावर ते पाळकसाहेबांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "आज डोळे उघडले." पाळकसाहेबांचेही डोळे पाणावले.

त्या आठवड्यात मामांनी घोडेगावच्या बाजारातून दोन शेळ्या आणल्या.

त्यांनी हिशेब मांडला होता. मोशे मेंढरांमागे, दावीद मेंढरांमागे, आमोस मेंढरांमागे, याकोबाचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे. इतर कुठल्याही धंद्यापेक्षा या धंद्यात पाचारणाचं प्रमाण जास्त. मेंढरं वस्तीत ठेवता येत नाहीत, म्हणून शेळ्या. त्यांची नावं ठेवली लेआ आणि राहेल. मामींच्या धाकट्या जावेचं नाव राहेल आहे, ती अजून त्यांच्याकडे येत नाही.

लेआ गरीब होती. राहेल नव्हती. पहिल्याच महिन्यात तिनं तरुण संघाची फुटबॉलची जाळी खाल्ली, शेजारणीची मेथी खाल्ली आणि उपासना-संगीताच्या एका जुन्या पुस्तकाची अनुक्रमणिका खाल्ली. मामा सकाळ-संध्याकाळ दोघींना घेऊन रेल्वेलाइनच्या कडेच्या झुडपांत जायचे आणि शेळ्यांकडे पाठ करून झुडपांकडे बघत उभे राहायचे. मोशेपुढच्या झुडपासारखं एखादं पेटलं तर, म्हणून.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी राहेल हरवली.

दुसरा कुणी धास्तावला असता, शेळीची किंमत काय झालीय! मामांचा चेहरा उजळला. "शौलाची गाढवं," ते मला म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, डोक्याला तेल लावलं नाही, आणि निघाले. तारकपूर झालं, कोठला झाला, भिंगारच्या नाल्यापर्यंत उन्हात गेले. शौलाला पाणी भरायला निघालेल्या मुली भेटल्या होत्या आणि त्यांनी द्रष्ट्याचं घर दाखवलं होतं. मामांना टँकरवर बायका भेटल्या. मामांनी त्यांना अदबीनं विचारलं, "इथे जवळपास कुणी मोठा माणूस राहतो का, ज्याला हरवलेल्या जनावराचं सांगता येईल?"

"खाटकाकडं बघा आधी," एक बाई म्हणाली.

संध्याकाळी मामा परत आले तर चर्चच्या आवारात गर्दी. तरुण संघानं दुपारी नाल्यावरून शिंदीच्या झावळ्या तोडून आणल्या होत्या, मिरवणुकीसाठी. सुकू नयेत म्हणून मागच्या व्हरांड्यात ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या होत्या. गोणपाट बाजूला पडलेलं, नुसते दांडे उरलेले, आणि मधोमध राहेल बसून रवंथ करत होती. शेंड्याचा एक हिरवा तुकडा तिच्या तोंडातून लोंबत होता. सकाळी आठला मिरवणूक. पोरं हातात काय धरून होसान्ना म्हणणार?

पाळकसाहेब शेळीकडे पाहत होते. मामा पाळकसाहेबांकडे पाहत होते. मामांचा आवाज कापत होता. "साहेब, मी शोधायला बाहेर गेलो आणि ती इथे, देवाच्या घरात. याला पाचारण समजायचं का?"

"नाही मामा," पाळकसाहेब म्हणाले, "याला भरपाई म्हणतात. सकाळी साडेसातला झावळ्या इथे पाहिजेत."

मामा घरी गेले आणि शब्दसूची काढून बसले. भरपाई कुठे कुठे येते ते शोधत गेले आणि रात्री दहाच्या सुमाराला माझं दार वाजलं. मामा चष्मा कपाळावर, बायबल छातीशी. निर्गम २२, वचन पाचवं. कुणी आपलं जनावर मोकळं सोडलं आणि त्यानं दुसऱ्याचं शेत खाल्लं, तर त्यानं आपल्याकडच्या उत्तमातून भरपाई करावी, असं तिथे आहे.

"इतकी वर्षं झाली," मामा म्हणाले, "पण असं नेमकं कधी आलं नव्हतं. शेळीसकट! चल."

"कुठे?"

"शिंदी तोडायला. पहाटे चारला. नाल्यावरची खालची सगळी पोरांनी तोडलीत, आता शेंड्याला आहे तीच. शिडी तुझ्याकडे आहे."

"मामा, बोलावणं तुम्हाला आलंय. झाडावर मी कशाला चढू? माझं नाव आहे का त्या वचनात?"

मामा गप्प झाले. मला वाटलं, सुटलो. त्यांनी चष्मा नाकावर ओढला आणि बायबल माझ्या दारातच, दिव्याखाली, पुढे पुढे चाळलं. या वेळी बोट टेकवायला त्यांना डोळे मिटावे लागले नाहीत. लूक, एकोणिसावा अध्याय.

"प्रभूला बघायला झाडावर कोण चढला होता?"

"जक्कय."

"उंचीनं कसा होता?"

"ठेंगणा," मी म्हणालो.

"आणि नोकरी काय करायचा?"

मी शिडी काढायला मागे गेलो.